नत्थुजी मापाऱ्याचा कोरडा हिवाळा

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेकडे उतरणाऱ्या एका गल्लीत नत्थुजी मापारी राहत असे. कापूसबाजारात बोजे तोलून द्यायचे हा त्याचा धंदा. अंगाने वाळका, मिशी मात्र दोन माणसांना पुरून उरेल एवढी. तो देवाला भीत असे, बायकोला त्याहून जास्त भीत असे, आणि या दोघांची पाठ वळली की कापसाच्या बोजावर पाणी मारत असे.

पाणी मारण्याची त्याची एक रीत होती. खांद्यावर सदा एक ओला पंचा. बोजा काट्याला लावताना घाम पुसल्यासारखं करायचं, पंचा जोरात झटकायचा आणि मग त्याच पंच्याने बोजाची गाठ आवळायची. काट्यावर चढेपर्यंत बोजा चांगला बाळसेदार होई. विकणारा खूश, विकणाऱ्याने हातावर ठेवलेल्या प्रसादाने नत्थुजी खूश, आणि घेणारा बसलेला मुंबईत. तो काय अकोल्याला येऊन कापूस पिळून पाहणार होता? कोणी टोकलंच तर "दंव पडलं ना राजेहो!" हे उत्तर तयार असे. एकदा ऐन चैत्रात, भर दुपारी, दंव पडलं म्हणून त्याने सांगितलं, आणि तेही खपलं.

त्या सालात काय वाटेल ते खपत होतं. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत भाऊ भावाच्या उरावर बसला होता, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि इकडे वऱ्हाडातल्या काळ्या मातीला शिंगं फुटली होती. ज्याच्या घरी काल धोतराला ठिगळ होतं त्याने आज गाडीच्या चाकाला चांदीची धाव बसवली. गाडी चिखलात रुतली म्हणजे मालक आधी चांदी पुसायचा आणि मग बैलांची चौकशी करायचा. ज्याला पागोटं बांधता येत नव्हतं त्याने ते बांधायला माणूस ठेवला. आगगाडी येणार, येणार म्हणून ऐकू येत होतं. ती येण्याआधीच लोकांच्या तोंडातून वाफ निघायला लागली होती. अशा बाजारात कोणी कापसात सरकी कोंबी, कोणी सरळ माती कालवी. नुसतं पाणी मारणारा नत्थुजी त्यांच्यात सज्जनच म्हणायचा.

पण सज्जनाचीही कंबर दुखतेच. बोजे उचलून, काटा धरून नत्थुजीची पाठ कमानीसारखी झाली होती. शिवाय बाजारातली पोरंसोरंसुद्धा त्याला "ओल्या नत्थु" म्हणत. ज्यांचा कापूस त्याने फुगवला तेच पाठीमागे दात काढत. नदीवर धुणं धुताना बायका मनकर्णेला, म्हणजे त्याच्या बायकोला, विचारत, "काहो वैनी, लुगडं पिळाले भावजी नाई आले काय? त्याहीले पिळनं ठाऊक नाई, भिजवनंच ठाऊक हाये." तेव्हा नत्थुजीच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली होती : एदलजी शेटच्या वखारीची मुकादमी. सावलीत बसायचं, हातात काठी धरायची, दुसऱ्या मापाऱ्यांवर डोळे वटारायचे, आणि कोणी ओल्या म्हटलं तर त्याला वखारीबाहेर काढायचं.

एदलजी शेट हा मुंबईचा पारशी. इतर व्यापाऱ्यांसारखा मुंबईत न बसता कापूस घ्यायला हंगामभर अकोल्यात मुक्काम टाकलेला. नत्थुजी हात जोडून त्याच्या समोर उभा राहिला तेव्हा शेट पोट धरून हसला.

"तू? मुकादम? अरे, तुझ्या हातातून कापूस नाय, कालवण निघते!"

"शेट, चोराची वाट चोरालेच ठाऊक. म्या बसलो तं कोनाची छाती हाये पानी मारून जायाची?"

शेटला हे पटलं. पण मुंबईचा माणूस; एखादी गोष्ट पटली तरी सरळ हो म्हणेल तर मुंबईचा कसला? तो नत्थुजीला ओसरीच्या कडेला घेऊन गेला. तिथे तीन कुंड्या होत्या. एकीत भोपळ्यासारखा गोल, चिरा चिरा पडलेला, अंगभर काटे ल्यालेला एक गोळा. दुसरीत मुसळासारखं उभं काहीतरी, तेही काटेरी. तिसरीत जाडजूड पानांचा कोरफडीचा चुलतभाऊ. शेटने ही रत्नं जहाजाने मागवली होती आणि त्यांच्याशिवाय त्याला करमत नसे म्हणून मुंबईहून सोबत आणली होती. आदल्या आठवड्यात एका बैलाने जाडपानाची चव घेतली, तेव्हा शेट रडवेला झाला होता.

"ए झाडं थंडीत झोपते, नत्थु. झोपलेल्याला कोण पाणी पाजते? मी गावोगाव कापूस बघत फिरणार. शिवरात्र होईपर्यंत तुझ्या घरी ठेव. दिवसा ऊन, रात्री छप्पर. पाणी एक थेंब नाय. सुकेल, सुरकुतेल, मेल्यासारखं दिसेल, तरी नाय. जिवंत राहिली तर तू मुकादम. तहानलेलं झाड बघून ज्याचा हात आवरते, त्याचा कापसावर पण आवरेल."

माणूस पारखायची ही तऱ्हा! पण ज्याच्या हाती काटा त्याचं वजन खरं. नत्थुजीने कुंड्या हातगाड्यावर चढवल्या आणि वरातीसारख्या घरी आणल्या.

वरात पाहायला पहिली आली ती समोरच्या घरातली गोदाबाई. गल्लीचं मत काय आहे हे गल्लीला गोदाबाईच्या तोंडून कळत असे.

"अवं मनकर्णे, हा तं निवडुंग हाये!"

"जहाजातून आला म्हनतात, मावशी."

"जहाजातून येवो नाई तं पुष्पक इमानातून येवो. निवडुंग तो निवडुंग. आमच्या वावराच्या बांधावर हाये तो काय पायी आला होता? आज याले कुंडीत बसवलं, उद्या गोखरू आनतीन अन् मखरात बसवतीन. पैशानं येड लागते ते असं."

"याच्यावर मुकादमी भेटनार हाये म्हनते."

"निवडुंगावर मुकादमी? मंग माह्या बांधावर तं सुभेदारी उगवून राहिली, बाप्पा! तोडाले कोनी नाई एवढंच."

नत्थुजीने घसा खाकरला. "दोघी बी आइका. याले पानी घालाचं नाई. कोनीच नाई. एक थेंब बी नाई."

या गल्लीत उन्हातान्हात आलेल्या वाटसरूला जात विचारण्याआधी पाणी विचारत, दाराशी आलेल्या गाढवापुढेसुद्धा घमेलं ठेवत. दारातल्या जिवाला पाणी द्यायचं नाही, हे तिथल्या कोणी आजवर ऐकलं नव्हतं.

"तुमी मुकादम होऊन राहिले का यम होऊन राहिले?" मनकर्णा म्हणाली आणि आत निघून गेली.

त्या दिवसापासून नत्थुजीची तपश्चर्या सुरू झाली. सकाळी ऊन भिंतीवर आलं की कुंड्या भिंतीशी, ऊन सरकलं की कुंड्या सरकल्या, सांज झाली की छपराखाली. खाली ओल लागू नये म्हणून त्यांना विटांवर चढवलं. पौषात थंडी कडाडली तेव्हा शेटने सांगितलं होतं तरट पांघरायला. पण मुकादम होऊ घातलेल्या माणसाने तरट काय पांघरायचं? त्याने गोळ्याला रुईचं टोपडं केलं. रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, त्या वेळी चांदीच्या मोलाची.

"माह्या गोधडीत चिंध्या," मनकर्णा म्हणाली, "अन् या भोपळ्याले रुईचं टोपडं! मी बी काटे लावून घेतो अंगाले, मंग तरी भेटन."

नत्थुजीचा खरा शत्रू थंडी नव्हती, त्याचा स्वतःचा उजवा हात होता. कुंडीजवळून जाताना तो हात आपोआप खांद्यावरच्या पंच्याकडे जाई. आयुष्यभराची सवय ती. कोरडं दिसलं की झटकायचं. म्हणून कुंड्यांपाशी जाण्याआधी तो पंचा घरात खुंटीला टांगू लागला. पुढे पुढे गोळ्याच्या अंगावर सुरकुत्या पडल्या, मुसळ बारीक झालं, जाडपान मऊ पडून वाकलं. नत्थुजी त्यांच्यासमोर उकिडवा बसून म्हणे, "मरू नको बापा. तुह्या तोंडाले कोरड पडली तं माह्या जिवाले पडली. शिवरात्र होऊ दे, मंग नदीत नेऊन बुडवतो तुले."

पण हात आवरला. खरंच आवरला. आणि एकदा आवरता आला म्हटल्यावर त्या गोष्टीची त्याला नशा चढली. गरिबाला पैशाची चढते त्याहून वाईट. हा इसम बाजारात मुकादमासारखा चालायला लागला. दुसरा मापारी पंचा झटकताना दिसला की थांबून म्हणे, "काहो, लाज नाई वाटत? शेतकऱ्याच्या सोन्यात पानी?" लोक आधी हसले. मग एकमेकांकडे पाहू लागले. विंचवाने डंखाविरुद्ध कीर्तन लावलं की ऐकणाऱ्याला शंका येतेच.

आता नत्थुजीला जे ठाऊक नव्हतं ते सांगून टाकायला हवं. तो बाजारात गेला की मनकर्णा भाकरी घेऊन बसे. पहिला घास तोंडाशी नेई आणि दारातले ते तीन सुरकुतलेले जीव तिला दिसत. घास उतरत नसे. मग ती उठे, गडवा भरे, तिघांना सारखं सारखं पाणी घाली आणि मग जेवे. याबद्दल ती कोणापाशी बोलली नाही. नवऱ्याची भीती हे कारण नव्हे. गुप्त दान बोललं की त्याचं पुण्य जातं, म्हणून.

तिकडे गोदाबाईने निवडुंगाविषयीचं आपलं मत गुपचूप बदललं होतं. तो चिरा पडलेला गोळा तिने एका सकाळी नीट न्याहाळला आणि तिला वाटलं, ही तर पिंड. काटेरी का होईना. महादेवाच्या अंगावर साप चालतो, मग काटे का चालू नयेत? त्या दिवसापासून मोर्णेवरून आंघोळ करून येताना तिचा लोटा नत्थुजीच्या भिंतीपाशी घटकाभर थांबू लागला. टोपडं उचलून बारीक धार, ओठात शिवाचं नाव. तीही कोणाला बोलली नाही. कालपर्यंत ज्याला निवडुंग म्हटलं त्यालाच आज धार धरते, हे गल्लीला कोण सांगणार?

झाडं फुगली. सुरकुत्या गेल्या, गोळा टरटरीत झाला, जाडपान ताठ उभं राहिलं. नत्थुजी हरखून गेला. बायकोला हात धरून दाराशी आणलं.

"पाह्य! एक थेंब न पाजता कसे टुमटुमीत झाले! हे तपाचं फळ हाये, मनकर्णे."

"हाये तं," मनकर्णा म्हणाली आणि पदराआड तोंड फिरवलं. "कोनाचं तप ते देवाले ठाऊक."

शिवरात्र झाली. दुसऱ्या दिवशी शेटची दमणी, बैलांची हलकी गाडी, गल्लीच्या तोंडाशी थांबली. सगळी गल्ली गोळा झाली. नत्थुजीने जरीकाठी फेटा बांधला होता, मिशीला तूप लावलं होतं, आणि हिवाळाभर मनात घोळवलेलं भाषण तो बोलू लागला : मोह कसा वाईट, हात कसा आवरावा, कोरडेपणा हाच माणसाचा दागिना वगैरे. शेटने ते ऐकत ऐकत गोळ्याचं टोपडं काढलं. वर काट्यांत बेलाचं पान अडकलेलं होतं. शेटच्या भुवया चढल्या. त्याने बुडाशी अंगठा दाबला. पिकल्या सीताफळात जावा तसा अंगठा आत गेला, आणि असा वास सुटला की दमणीच्या बैलांनीसुद्धा माना फिरवल्या. मुसळ हात लावताच आडवं झालं. जाडपानाची वरची दोन पानं तेवढी धड होती, बुडाला लगदा.

"नत्थु, किती पाणी मारला?"

"एक थेंब नाई, शेट! अन्नाची आन!"

गल्ली खदखदून हसली. मागून कोणीतरी ओरडलं, "दंव पडलं असन राजेहो!"

जन्मभर हा माणूस धडधडीत खोटं बोलला, आणि लोकांनी मान डोलावून ऐकून घेतलं. एकदाच खरं बोलला तर लोकांनी पोट धरून हसावं! नत्थुजीचे डोळे भरून आले. त्या हिवाळ्यात त्याने काढलेलं पाणी ते एवढंच.

मनकर्णा उंबऱ्याबाहेर आली. पदर सावरून सरळ शेटपुढे उभी राहिली.

"शेट, ते खरं बोलून राहिले. पानी म्या घातलं. रोज घातलं. कोनाले सांगाचं नव्हतं, सांगितलं की पुन्य जाते. आता गेलं तं गेलं. पन माह्या मालकाले खोटं म्हनू नका."

हे ऐकून गोदाबाईला राहवलं नाही. "तुह्या पान्यानं काय होते, मनकर्णे? तुह्या गडव्यानं उंदीर बी भिजत नाई. धार म्या धरली! पिंडीवर! शिवरात्रीले तं दूध बी घातलं."

"म्हंजे ते बेलाचं पान तुमचं?"

"मंग काय निवडुंगाले बेल लागला?"

"म्हनून सडलं ते! माह्या पान्यानं फुगलं होतं, तुमच्या दुधानं सडलं!"

"अवं जाय! तुह्या अंगात एक झाड मारायची धमक नाई!"

शेटने टोपी काढली, कपाळ पुसलं, हसला, मग सडलेल्या गोळ्याकडे पाहून त्याचं हसू विझलं. त्याने नत्थुजीच्या खांद्यावर हात ठेवला.

"नत्थु, तू साचा माणूस निघाला. मी सगळ्या बाजारात सांगणार. पण मुकादम नुसता साचा असून काय करू? वखारीत हमाल, गाडीवाले, दहा गावचे मापारी. तुला तुझ्या दारातल्या दोन बायका नाय आवरल्या, तू त्यांना काय आवरणार?"

त्याने जाडपानाची कुंडी उचलली, पोरीला कडेवर घ्यावं तशी घेतली आणि दमणीत जाऊन बसला.

मुकादमी गेली. पण नत्थुजीची खरी फजिती पुढे होती. शेट शब्दाचा पक्का. त्याने खरोखरच सगळ्या बाजारात सांगितलं की नत्थुजी मापारी खरा माणूस आहे. झालं! दुसऱ्या दिवशी नत्थुजी पंचा ओला करून, खांद्यावर टाकून काट्यापाशी उभा राहिला आणि कापूस घेऊन आलेल्या एकाही गाडीवाल्याने त्याला हाक मारली नाही.

"याले कायले बोलावतं बे?" एक जण दुसऱ्याला म्हणाला. "खरा हाये म्हनते तो. शेटनं ठप्पा मारला त्याच्यावर."

"व्हय. अन् हिवाळाभर कीर्तन करून राहिला होता. शेटचा मानूस हाये तो. याच्या हातून तोलशीन तं जेवढा आनला तेवढाच भरन."

जेवढा आणला तेवढाच भरणं! त्या साली अकोल्याच्या कापूसबाजारात याहून मोठी बदनामी नव्हती. चोर म्हणून नाव झालं असतं तर मापारी चार गावांत मागणीला आला असता. खरा म्हणून नाव झालं आणि तो एका पोत्यावर बसून माशा वारत राहिला. संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी येई. मनकर्णा पाही, काही बोलत नसे. ती बोलत नसे म्हणजे प्रकरण गंभीर आहे हे नत्थुजीला कळे.

अशाच एका दुपारी ती बाजारात आली. गल्लीतली बाई काट्यापाशी येण्याची रीत नव्हती, त्यामुळे गाडीवाल्यांच्या चिलमी तोंडाशीच राहिल्या. नत्थुजी पोत्यावरून उठला. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"आइका राजेहो! शेटपुढं म्या खोटं बोलली. झाडाले पानी माह्या मालकानंच घातलं."

नत्थुजीचा जबडा खाली आला. "अवं..."

"तुमी चूप बसा. लय झाला तुमचा खरेपना. रोज घालत होते, भाऊ. पहाटे उठून घालत, सांजीले घालत. मी किती म्हनलं, नका घालू, मुकादमी जाईन. पन या मानसाच्यानं कोरडं काई पाहवतच नाई! सवय हाये, काय करता? त्याहीची लाज झाकाले म्या आपल्या अंगावर घेतलं. नवऱ्यासाठी बाई एवढं करतेच."

"अन् ते कीर्तन?" एका गाडीवाल्याने विचारलं. "आमची लाज काढून राहिला होता तो?"

"मुकादमी पाह्यजे होती ना! शेटले आइकू जावं म्हनून बोंबलत होते. तुमी बी काय भोळे, खरं समजले?"

गाडीवाले एकमेकांकडे पाहू लागले. एक म्हातारा पुढे झाला. "शपथ घे, बाई."

मनकर्णेने काट्याच्या दांडीवर हात ठेवला. "या काट्यावर लक्षुमी बसते. मी खोटं बोलली असन तं..." आणि तिला जोराचा ठसका लागला. तो एवढा वेळ चालला की म्हाताऱ्यालाच तिला प्यायला पाणी द्यावं लागलं, आणि शपथेचं पुढे काय झालं हे विचारायचं कोणाला सुचलं नाही.

"मले आधीच वाटलं होतं," म्हातारा मिशीत हसत म्हणाला. "नत्थु अन् खरा? चाल बे ओल्या, माहा बोजा घे!"

इतक्या दिवसांनी ती हाक ऐकून नत्थुजीला गहिवरून आलं. संध्याकाळपर्यंत त्याला मान वर करायला फुरसत मिळाली नाही. मनकर्णा कडेला सावलीत बसून होती. बाजार उठल्यावर दोघं नदीच्या वाटेने घराकडे निघाली. ती पुढे, तो मागे.

"मनकर्णे, हिवाळाभराचं पुन्य तं तू सांगून घालवलंच होतं. आज वरून खोटी शपथ बी घेतली."

"पुरी कुठं घेतली? मंधातच ठसका लागला ना."

तो हळूच म्हणाला, "पन म्या खरंच घातलं नव्हतं वं. एक थेंब बी नाई."

ती थांबली, मागे वळली. "मले ठाऊक हाये. हिवाळाभर मी पाहत होती. तुमचा हात खांद्यावर जाये अन् माघारी ये. घरातल्या एका मानसाले ठाऊक हाये, तेवढं पुरे झालं. बाजाराले कायले सांगत बसता? बाजाराले सांगून खाचं काय, निवडुंग?"

नत्थुजीने मान हलवली. वाटेवरच्या बांधावर निवडुंग उभाच होता, कोणी न पाजता, कोणी न झाकता, धष्टपुष्ट. दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं नाही.

"पाय उचला जरा," मनकर्णा म्हणाली. "घरी जाऊन पीठ मळाचं हाये अजून."